मामींचं अर्धं घर

ऑस्ट्रेलियात राहून सहीवाचून माणसाचं काही अडत नाही, हे सिद्ध करून दाखवणारी पृथ्वीतलावर एकच व्यक्ती आहे, आणि ती माझ्या बायकोची मामी आहे. नात्याने माझ्या त्या मामेसासूबाई, पण एवढा लांबलचक शब्द मेलबर्नच्या हवेत टिकत नाही, म्हणून मीही त्यांना मामीच म्हणतो. ग्लेन वेव्हर्लीत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं, मुलीला इथल्या शाळेतून युनिव्हर्सिटीत आणि तिथून कॅनबेराला सासरी पोचवलं, आणि एवढं सगळं होऊनही त्यांची सही कशी असते हे पाहिलेली माणसं आमच्या गोतावळ्यात शोधावी लागतील. मी स्वतः ‘आय अ‍ॅग्री’ दिसलं की वरचं काहीही न वाचता बोट टेकवणाऱ्या जमातीतला. फोनवाल्यांना, जिमवाल्यांना, मुलीच्या शाळेला मी काय काय कबूल करून बसलो आहे ते देवाला ठाऊक. त्यामुळे मामींबद्दल मला पहिल्या भेटीपासून जे वाटत आलं त्याला आदरयुक्त भीती म्हणतात.

मामी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या आणि मामा एकाच वर्गात होते, म्हणून दोघं एकमेकांना अरे-तुरे करतात. इथे आल्यावर मामा एका कंपनीत टेलिकॉममध्ये लागले आणि मामी शाळांची छपरं, दवाखान्यांचे जिने, ओढ्यांवरचे पादचारी पूल यांची ड्रॉइंग तपासायला लागल्या. ती ड्रॉइंग त्यांनी सही केल्याशिवाय साइटवर जात नसत. एकदा मी धीर करून विचारलं, की मामी, ऑफिसात एवढ्या सह्या करता, मग बाहेर एवढं वावडं का? त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सही म्हणजे काय रे? हे पडलं तर मला बोलवा, मी जबाबदार, एवढंच ना. मग जे मी तपासलेलंच नाही ते पडल्यावर मी कशाला जाऊ?” मी त्या दिवसापासून पादचारी पुलांवरून निर्धास्त चालतो.

आमच्या लेकीचा सातवा वाढदिवस आम्ही एका ट्रॅम्पोलिन पार्कात ठरवला होता. आत शिरताना प्रत्येक मोठ्या माणसाने एका पडद्यावर सही करायची असते, की हातपाय मोडल्यास आमची तक्रार नाही; याला इथे वेव्हर म्हणतात. वीसेक पालक एका मिनिटात सह्या करून आत गेले आणि मामी त्या पडद्यासमोर चष्मा पुसून उभ्या राहिल्या. त्यांनी ते सगळं वाचलं. मग तिथल्या मुलाला बोलावून एका कलमाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “नो वरीज, एव्हरीवन जस्ट साइन्स.” मामींनी त्याला प्रेमाने समजावलं, की बाळा, एव्हरीवनचं मला माहीत नाही. लेक बाहेर येऊन ओढायला लागली, “मामीआजी, इट्स जस्ट अ वेव्हर!” शेवटी केक कापला गेला तो पार्किंगमध्ये, आमच्या गाडीच्या डिकीवर, कारण मामीआजीशिवाय केक कापायचा नाही असं लेकीनेच ठरवलं. त्यांच्या हट्टाचा राग येतो, पण माणसं त्यांना सोडून पुढे जात नाहीत, हे मी तेव्हापासून पाहत आलो आहे.

कुरिअरवाल्याचंही तेच. खोकं उघडून आतला जिन्नस धड आहे हे पाहिल्याशिवाय मामी त्याच्या यंत्रावर बोट फिरवत नसत. त्याला घाई असे. पहिल्या खेपेला तो चिडला, दुसऱ्या खेपेला पायरीवर बसला, तिसऱ्या खेपेपासून त्याला आल्याचा चहा मिळायला लागला आणि पुढे पुढे तो आमच्या मामींकडची डिलिव्हरी मुद्दाम दुपारच्या शेवटी ठेवी. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात नोंदणीसाठी दोन साक्षीदार हवे होते. मामी वडीलधाऱ्या, पुढे बसलेल्या, कांजीवरम नेसलेल्या. लग्नाची नोंद करणाऱ्या सेलिब्रंट बाईंनी मोठ्या आदराने पेन पुढे केलं. मामी म्हणाल्या, लग्न लागलं हे मी पाहिलं, आशीर्वाद हवे तेवढे घ्या, पण टिकण्याची हमी मी कशी देऊ? शेवटी फोटोग्राफरने सही केली. ते लग्न अजून उत्तम टिकून आहे आणि त्याचं श्रेय तो फोटोग्राफर घेत असतो.

आता अशा बाईच्या नशिबी आमचे मामा यावेत, हा देवाचा विनोद म्हणायचा. मामा भिडस्त. नाही हा शब्द त्यांच्या तोंडातून निघताना मी कधी ऐकला नाही. दारावर येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याचं त्यांनी ऐकून घेतलं, म्हणून गॅरेजमध्ये तीन व्हॅक्यूम क्लीनर. मंडळाचा खजिनदार कुणी व्हायला तयार नसला की मामा. कुणाला एअरपोर्टवर पहाटे आणायचं तर मामा. घराचा व्यवहार मात्र सगळा तेच बघत, आणि तो आपल्या पिढीच्या दोन पगारांच्या घरांत चालतो तसाच चाले: त्याच्या पगारातून घराचा हप्ता, तिच्या पगारातून घर. म्हणजे किराणा, वीज, मुलीची फी, पुण्याच्या तिकिटांचे पैसे, सासूबाईंची औषधं, सगळं मामींकडून, आणि मामांच्या पगारातला मोठा वाटा बँकेकडे. घर दोघांच्या नावावर. आमच्या कितीतरी घरांत ही वाटणी अशीच आहे आणि तिच्यावर कुणी कधी दोन मिनिटं विचार केलेला नाही.

मामांचे जिवलग मित्र म्हणजे नाना. नाना त्यांचे हॉस्टेलचे रूम पार्टनर, म्हणजे मामींचेही वर्गमित्र. मामा-मामी या देशात उतरले तेव्हा विमानतळावर नानाच आले होते, पहिले कित्येक आठवडे ते नानांच्याच घरी राहिले, मामा गाडी शिकले तीही नानांचीच. अशा नानांनी साठी जवळ आल्यावर डँडेनाँगला फ्रोझन पुरणपोळ्यांचा कारखाना काढायचं ठरवलं. माल खरोखर चांगला होता. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण तिला जामीनदार हवे होते, आणि तेही नवरा-बायको दोघं. एका शनिवारी नाना कागदांचा गठ्ठा आणि पोळ्यांचं एक खोकं घेऊन आले. मी आणि बायकोही त्या दिवशी तिथे जेवायला होतो. मामांनी खिशातून पेन काढलं तेव्हा नानांचं बोलणंही पुरतं संपलेलं नव्हतं.

मामींनी पोळ्या गरम करून वाढल्या, वर तूप घातलं, आणि मग ते कागद घेऊन त्या खिडकीजवळ बसल्या. आम्ही जेवलो, आवरलं, चहा झाला, तरी त्या वाचतच होत्या. नाना हसत होते, पण मधूनमधून मामांकडे बघत होते. शेवटी मामींनी कागद नीट रचून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “नाना, पोळी झकास झालीय. पण मी सही करणार नाही. तुझा कारखाना मी तपासलेला नाही आणि मला तपासता येणारही नाही.” नानांचा चेहरा उतरला. मामा शरमेने लाल झाले आणि बोलू नये ते बोलले, की याच्या घरी आपण फुकट राहिलो ते विसरलीस का. मामांना सही करू नकोस असं मात्र मामी म्हणाल्या नाहीत. तुझा हात, तुझी सही, एवढंच म्हणून ताटं उचलून आत गेल्या. पुढे बँकेने एकट्या मामांच्या सहीवर भागवलं. नाना त्यानंतर मामींशी तुटक वागायला लागले आणि आमच्या गोतावळ्यात मामी आता अतीच करतात असं एकमत झालं. खोटं कशाला बोलू, त्या एकमतात मीही होतो.

कारखाना काही वर्षं धावला आणि मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने हात आखडता घेतल्यावर बसला. नानांनी दिवाळखोरी जाहीर केली आणि बँक जामीनदाराकडे वळली. कोर्टाचा निकाल मामांच्या विरुद्ध लागला. मामा नुकतेच रिटायर झाले होते. त्यांच्याकडे देण्यासारखं एकच होतं, ते घर, आणि कर्जाचा आकडा त्या घरातल्या त्यांच्या अर्ध्या हिश्श्याहून मोठा होता. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की मामींच्या अर्ध्याला बँकेचा हात पोचतो का. पोचला, तर सत्तरीकडे झुकलेल्या त्या दोघांना उरलेलं आयुष्य भाड्याच्या खोल्या बदलत काढायचं होतं. मामा दिवसभर बागेत उभे राहायचे. काम करत नव्हते, नुसते उभे राहायचे.

मग सल्लागार आले. आपल्या लोकांत अशा वेळी प्रत्येकाला कायदा येतो. कुणी म्हणालं, मामांचा हिस्सा एक डॉलरला मामींच्या नावावर करून टाका. कुणी म्हणालं, घर विका आणि पैसे रातोरात पुण्याला पाठवा. एकाने तर सोन्याची वळी करून कॅनबेराच्या लेकीकडे ठेवायला सांगितलं. मामींनी सगळ्यांना चहा दिला आणि ओकलीच्या एका तरुण ग्रीक वकीलबाईंकडे गेल्या. त्या वकीलबाईंनी सांगितलं ते सरळ होतं: ज्याने जामीन दिलेला नाही त्याचा हिस्सा बँकेला घेता येत नाही, पण आता घाईने मामांचा हिस्सा इकडेतिकडे फिरवला तर कोर्ट तो व्यवहार मोडून काढू शकतं. घरी आल्यावर एका हितचिंतकांनी पुन्हा ती एक डॉलरची युक्ती काढली, तेव्हा मामी शांतपणे म्हणाल्या, “त्याने सही केलीय. त्याचं अर्धं जाणार. माझं मी सोडणार नाही आणि त्याचं मी लपवणार नाही.” कोपऱ्यात बसलेल्या मामांनी त्या वेळी मान वर केली. कित्येक दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच ताठ बसलेलं पाहिलं.

सरकारी लिलावाने घर विकलं जाण्यापेक्षा आपण विकू, असं मामींनी ठरवलं. त्यांनी हिरवळ कापून घेतली, आपल्या लेकीच्या जुन्या खोलीला रंग दिला, आणि शनिवारी सकाळी, इथल्या रिवाजाप्रमाणे बोली लावायला रस्त्यावर जमलेल्या अनोळखी गर्दीसमोर घर चांगल्या किमतीला गेलं, कारण तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तिच्या हद्दीतल्या घरांवर माणसं जीव टाकतात. करारावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. मामांनी एका फटक्यात केली. मामींनी करार पहिल्या पानापासून वाचला, एजंट घड्याळाकडे बघत राहिला, आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. मी ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली. लहान, सरळ, प्रत्येक अक्षर सुटं, कुणीही वाचू शकेल अशी. सही करून झाल्यावर त्यांनी ओट्यावरून हात फिरवला आणि पेन एजंटला परत दिलं.

खरा घोटाळा व्हायचा तो त्यानंतर. पैसे कुठल्या खात्यात टाकायचे असं विचारणारा फोन मामांना आला आणि त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने आपल्या खात्याचा नंबर सांगून टाकला. हे खातं त्यांनी या देशात आल्या आल्या उघडलेलं, घराचा हप्ता त्यातूनच गेलेला, आणि बँकही तीच, जिने नानांना कर्ज दिलं होतं. ती बँक बदलणं मामांना मित्र बदलण्यासारखं वाटे. जेवताना त्यांनी हे सहज सांगितलं. मामींचा घास हातात राहिला. ज्या बँकेचं देणं आहे तिच्याच खात्यात, तेही एकट्या देणेकऱ्याच्या नावावरच्या खात्यात पैसे पडले, तर बँक ते परस्पर वळते करून घेणार आणि मग अर्धं कुणाचं हे सिद्ध करत बसायचं मामींनी. त्यांनी हात धुतले, तिथून उठून वकीलबाईंना फोन केला, आणि पैसे वकिलांच्या ट्रस्ट अकाउंटमध्ये ठेवायला लावले, जिथे वाद मिटेपर्यंत कुणालाच हात लावता येत नाही. मग येऊन उरलेला भात जेवल्या. मामांना एक शब्द बोलल्या नाहीत. तो एक शब्द न बोलणं मला जमलं नसतं.

बँकेने मामींच्या अर्ध्यावर हक्क सांगितलाच. शहरातल्या एका उंच इमारतीत बैठक झाली. मी मामा-मामींना गाडीने घेऊन गेलो होतो आणि वकीलबाईंच्या परवानगीने भिंतीलगत बसलो होतो. बँकेचा वकील सभ्य माणूस होता. त्याचं म्हणणं असं, की घराचे हप्ते शेवटपर्यंत मामांच्या पगारातून गेले. या बाईंचं नाव नुसतं कागदावर आहे, घरात यांचा पैसा नाही. त्याचं म्हणणं हिशेबाने खरं होतं. माझ्या घरातही हप्ता माझ्याच पगारातून जातो आणि बायकोच्या पगारावर आम्ही जगतो. वकीलबाई काही बोलणार तोच मामींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या त्यांच्या पुणेरी इंग्रजीत सावकाश बोलल्या. त्याचा अर्थ असा, की मी आयुष्यभर इमारती तपासल्या आहेत. छत एका खांबावर दिसतं म्हणून दुसरा खांब शोभेचा नसतो. माझा पगार त्या घराच्या जेवणात गेला म्हणून याचा पगार तुमच्याकडे येऊ शकला. माझा काढून घ्या आणि मग सांगा, हप्ता किती महिने गेला असता? आणि शेवटी म्हणाल्या, “तुम्ही माझी सही मागितली होती. मी दिली नाही. तरी तुम्ही कर्ज दिलंत. तेव्हा तुम्हाला माहीत होतं अर्धं कुणाचं आहे.”

बँकेच्या वकिलाने पाण्याचा ग्लास उचलला, आणि त्या ग्लासाआडून तो हसला असं मी आजही शपथेवर सांगेन. त्यानंतर बोलणी वकिलांमध्ये झाली, पण निकाल तिथेच लागला होता. बँकेने मामांचं अर्धं घेऊन उरलेला दावा सोडला आणि मामींचं अर्धं मामींना मिळालं. खाली येताना लिफ्टमध्ये मामा रडले. मामी त्यांना म्हणाल्या, कॉफी घेऊ या, इथे खाली बरी मिळते. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि लिफ्टमध्ये जागा नव्हती म्हणून पडलो नाही.

त्या पैशांतून त्यांनी क्लेटनला दोन खोल्यांचं युनिट घेतलं, मामींच्या एकटीच्या नावावर. मामांनीच तसा आग्रह धरला. बाग नाही, बाल्कनीत चार कुंड्या आहेत. नाना आता पर्थला मुलाकडे असतात. मामी त्यांच्याशी फोनवर बोलतात, कारखान्याचा विषय निघत नाही. ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच ऐकलेलं नाही, आणि आम्ही सगळे ते ऐकायला टपून बसलो होतो.

परवा दुपारी मी एकटाच गेलो होतो. मामी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसल्या होत्या, मामा दूध आणायला गेलेले. बेल वाजली. मामी पिशवी बाजूला ठेवून, खुर्चीचा आधार घेत उठायला लागल्या. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी उघडतो. त्यांनी मला हातानेच थांबवलं. हळूहळू चालत जाऊन त्यांनी दार उघडलं. मामा आत आले, चपला अगदी कडेला काढल्या, दूध त्यांच्या हातात दिलं आणि हात धुवायला गेले. मी दबक्या आवाजात विचारलं, की मामांकडे किल्ली नाही का? मामी म्हणाल्या, “आहे की. खिशातच असते. पण हे घर आपलं नाही असं त्याला वाटतं, म्हणून विचारून आत येतो. सांगून झालं, भांडून झालं. आता मी नुसती उठून उघडते. जाईल हळूहळू.” मग आतल्या दिशेने बघत त्यांनी विचारलं, चहा टाकू ना रे, आणि मामांचं उत्तर यायच्या आधीच आधण ठेवलं.